कोरांटी

कोरांटी : कमी पाण्यावर तग धरणारे, काटेरी व पिवळ्या फुलांचे बहुवर्षायू झुडूप. शास्त्रीय नाव बार्लेरिया प्रायोनायटिस. कुल अकँथेसी, म्हणजे अडुळशाचे कुल. पिवळी कोरांटी, काटेकोरांटी, कोरंटी आणि वज्रदंती ही तिची मराठी नावे. संस्कृत ग्रंथांत सैरेयक, सहचर व कुरंटक या नावांनी तिचा उल्लेख येतो. लिनीअस यांनी १७५३ साली या जातीला शास्त्रीय नाव दिले. प्रजातीचे नाव सतराव्या शतकातील फ्रेंच वनस्पतिज्ञ व धर्मोपदेशक झाक बारेलिए यांच्यावरून आले आहे. उष्ण कटिबंधीय आफ्रिका, अरबस्तान, भारत, श्रीलंका व आग्नेय आशियाचा काही भाग असा तिचा प्रसार आहे. महाराष्ट्रात ती माळरानावर, बांधावर, गावकुसाला आणि देवळांच्या आवारात आढळते. मुद्दाम आणून बागेत लावली जाते ती क्वचितच. नाशिक जिल्ह्यातील कळवणसारख्या भागात मात्र उघडी, हलकी जमीन फुलत्या झुडपांनी झाकायची असेल, तर कोरांटीचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा.

वर्णन : झुडूप साधारण ०·५ ते १·५ मी. उंच वाढते आणि बुंध्यापासूनच फांद्या फुटल्याने डेरेदार होते. पाने समोरासमोर, लंबवर्तुळाकार, दोन्ही टोकांना निमुळती. लांबी बहुधा ६ ते १० सेंमी. पानांच्या बगलेत दोन ते चार पांढुरके, सरळ काटे एकत्र येतात. फुले पिवळी ते नारिंगी-पिवळी, सुमारे ४ सेंमी लांब; शेंड्याकडे दाटीने येतात. फूल निरखून पाहिले तर खाली नळी आणि वर पाच पाकळ्या दिसतात. चार पाकळ्या एका बाजूला असतात, तर पाचवी किंचित खाली सुटी. नळीतून दोन लांब पुंकेसर बाहेर डोकावतात. फुलाखालची छदे टोकाला काट्यासारखी असतात व फूल गळल्यावरही झाडावर राहतात, म्हणून फुले तोडताना बोटे जपावी लागतात. बोंड चोचदार असून त्यात दोन चपट्या बिया असतात. पक्व बोंड तडकून फुटते आणि बिया दूर उडतात.

अवर्षण सहन करण्याची क्षमता : कोरांटीचा बुंधा काष्ठमय असून मुळे मुरमाच्या भेगांत शिरतात. पाणी तुटले की ती वाढ थांबवते, खालची पाने गाळते आणि शेंड्याकडची मोजकी पाने राखून उन्हाळा काढते. पहिला वळीव पडला की जुन्या खोडावर नवे फुटवे येतात. बियांचीही पावसाशी सांगड आहे. बीवर रेशमी केस चपटे बसलेले असतात. कोरडे बी तळहातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब टाकला, तर हे केस उभे राहतात आणि बीभोवती बुळबुळीत थर तयार होतो. त्यामुळे बी ओल्या मातीला चिकटते व त्याच्याभोवती ओल टिकून राहते.

कळवणचे हवामान व जमीन : कळवण तालुका सह्याद्रीच्या पूर्व उतारावर, गिरणा व पुनंद नद्यांच्या वरच्या खोऱ्यात वसला आहे. सुरगाण्याकडच्या पश्चिम भागात पाऊस चांगला होतो. देवळा-मालेगावकडे सरकावे तसा तो झपाट्याने कमी होतो. जवळपास सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. त्यानंतरचे आठ महिने जमीन साठवलेल्या ओलीवर किंवा विहिरीच्या पाण्यावर राहते. नदीकाठी काळी जमीन आहे, पण डोंगरउतारावर आणि गावाबाहेरच्या वस्त्यांवर मातीचा थर पातळ आहे आणि त्याखाली लगेच मुरूम लागतो. शिवाय उन्हाळ कांद्याच्या हंगामात विहिरीचे पाणी आधी शेताला जाते. अंगणातील झाडांच्या वाट्याला उरलेसुरले येते. पाण्याची ही वाटणी रास्त आहे. म्हणून अंगणात, बांधावर किंवा शाळेच्या आवारात लावायचे झुडूप शेताच्या पाण्यावर हक्क न सांगणारे हवे. जमीन उघडी ठेवणे हाही पर्याय नव्हे. उघड्या उतारावरची माती पहिल्या जोरदार पावसात वाहून जाते आणि वैशाखात तीच जमीन तापून भेगाळते.

रोपे तयार करणे : बी किंवा छाट कलम, दोन्ही प्रकारे अभिवृद्धी होते. बोंडे तपकिरी झाली की तडकण्याआधी गोळा करून कागदी पिशवीत ठेवावीत. ती पिशवीतच फुटतात व बी वाया जात नाही. माती, वाळू व कुजलेले शेणखत समप्रमाणात भरलेल्या पिशव्यांत मे महिन्यात बी पेरले, तर पावसाच्या तोंडावर रोपे हाती येतात. छाट कलमासाठी अर्धवट पक्व फांदीचे १२ ते १५ सेंमी लांबीचे, तीन-चार पेऱ्यांचे तुकडे घ्यावेत. खालची पाने व काटे काढून दोन पेरी मातीत जातील असे ते लावावेत. यासाठी पावसाळ्याचे पहिले दोन महिने उत्तम. रानातील किंवा देवळाच्या आवारातील जुने झुडूप मुळासकट उपटून आणू नये. बी किंवा चार फांद्या आणल्या तरी काम भागते आणि मूळ झाडही जागेवर राहते.

लागवड : जागा भरपूर उन्हाची आणि पाण्याचा निचरा होणारी असावी. आंबा किंवा कडुनिंबाच्या विरळ सावलीत कोरांटी जगते, पण फुले कमी येतात. ३० सेंमी लांब, रुंद व खोल खड्डा घ्यावा. निघालेल्या मुरमात चांगली माती आणि एक घमेले शेणखत मिसळून तो भरावा. एकटे झुडूप लावायचे तर सभोवती मीटरभर जागा सोडावी. जमीन झाकणे हा हेतू असेल तर ४५ ते ६० सेंमी अंतर ठेवून, पुढच्या ओळीतील रोप मागच्या दोन रोपांच्या मधोमध येईल असे लावावे. ४५ सेंमी अंतराने १० चौ. मी. जागेला साधारण ५० रोपे लागतात, ६० सेंमी अंतराने साधारण ३०. उतारावर ओळी उताराला आडव्या घ्याव्यात. वाहणारे पाणी प्रत्येक ओळीपाशी अडते आणि बुंध्याशी माती साठते. मृगाचा पाऊस स्थिरावल्यावर लागवड केली, की मुळे धरायला पूर्ण पावसाळा मिळतो.

पाणी व खत : कोरांटी कमी पाण्यावर जगते ती मुळे खोल गेल्यावर. पहिले वर्ष तिला आधाराचे पाणी द्यावेच लागते, आणि तेथे केलेली हयगय अंगाशी येते. पाऊस थांबल्यावर हिवाळ्यात आठ-दहा दिवसांनी आणि उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी पाणी द्यावे. रोज शिंपडण्यापेक्षा कमी वेळा पण भरपूर पाणी देणे हिताचे, कारण वरवरच्या ओलीने मुळेही वरच राहतात. बागायती शेतात जुन्या ठिबक नळ्या पडून असतात. त्यांतील एक ओळ या कामी पुरते. दुसऱ्या वर्षी पंधरा-वीस दिवसांच्या अंतराने पाणी चालते. तिसऱ्या वर्षापासून पावसावर भागते. उन्हाळ्यात एखाददुसरे पाणी मिळाले तर पाने अधिक टिकतात. रोपांमधल्या जागेवर वाळलेला पाला किंवा गव्हाचा भुसा अंथरावा. खत म्हणून पावसाळ्याआधी दर झुडपाला अर्धे घमेले शेणखत पुरे. नत्र जास्त झाले तर पाला माजतो आणि फुले घटतात.

छाटणी : कोरांटी मुळात सरपटणारी नाही. तिने जमीन झाकावी असे वाटत असेल तर कात्री नियमित चालवावी लागते. रोप २० सेंमीचे झाले की शेंडा खुडावा. बाजूचे फुटवे निघून ते बुटके व रुंद होते. मोठी छाटणी वर्षातून एकदा, रोहिणी निघाल्यावर, म्हणजे मेच्या शेवटच्या आठवड्यात करावी. झुडूप जमिनीपासून २० ते २५ सेंमीवर कापावे. होळीच्या सुमारास बहर संपताच छाटणी उरकण्याचा मोह होतो, पण त्याने ऐन उन्हाळ्यात जमीन उघडी पडते. त्या वेळी फक्त वाळलेली तुरे-बोंडे काढावीत आणि उरलेली सावली मातीवर राहू द्यावी. ऑगस्टनंतर शेंडे कापू नयेत, कारण फुले शेंड्यांवरच येतात. नवरात्राच्या आसपास बहर सुरू होतो आणि थंडीभर चालतो. छाटलेल्या काटेरी फांद्या नव्या लावलेल्या फळझाडांच्या आळ्याभोवती टाकल्या तर शेळ्या दूर राहतात.

रोग व किडी : गंभीर रोग सहसा येत नाहीत. पाणी साचल्यास मुळे कुजतात. यावर निचरा हाच उपाय. कोवळ्या शेंड्यांवर कधी पिठ्या ढेकूण दिसतो. तो थोडा असेल तर शेंडे कापून नष्ट करावेत. जास्त असेल तर ५ टक्के निंबोळी अर्क फवारावा. पाने खाणाऱ्या अळ्या दिसल्या तर लगेच फवारणी करू नये. पॅन्सी गटातील काही फुलपाखरे बार्लेरियाच्या पानांवर अंडी घालतात आणि खाल्लेली पाने झुडूप सहज भरून काढते. फुलांवर मधमाश्या व शिंजीर येतात. हिवाळ्यात मधासाठी इतकी फुले देणारे, पाणी न मागणारे दुसरे झुडूप अंगणात क्वचितच असते.

उपयोग : फुले देवपूजेला, हारांत व वेण्यांत वापरतात. दातदुखीवर पाने चावण्याची रीत आहे; वज्रदंती हे नाव त्याच उपयोगाचे. पावसाळ्यात चिखलात राबणाऱ्यांच्या तळपायांना भेगा पडू नयेत म्हणून पानांचा रस चोळण्याचीही जुनी प्रथा आहे. आयुर्वेदातील सहचर म्हणून महाराष्ट्रासह बहुतेक भागांत हीच वनस्पती घेतात; केरळात त्या जागी कारवीच्या गटातील एक जाती वापरतात. औषध म्हणून पोटात घ्यायचे असेल तर वैद्याचा सल्ला आवश्यक आहे.

इतर जाती व पर्याय : बार्लेरिया क्रिस्टाटा ही बिनकाट्याची कोरांटी पांढऱ्या, जांभळ्या व गुलाबी फुलांत मिळते. मुलांचा वावर असलेल्या अंगणात ती सोयीची. पाणी मात्र थोडे अधिक लागते. पूर्व व दक्षिण आफ्रिकेतील बार्लेरिया रेपेन्स ही लालसर फुलांची जाती खऱ्या अर्थाने जमिनीलगत पसरते. रोपवाटिकांत कोरड्या जागेसाठी बहुधा जांभळी लँटाना किंवा पिवळ्या फुलांची वेडेलिया सुचवतात. लँटाना पाणी कमी घेते, पण तिचे भावंड घाणेरी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी शोभेचे झाड म्हणून भारतात आली आणि रानोमाळ पसरली. तिचा पाला गुरांना विषारी आहे. घाणेरी व वेडेलिया या दोन्ही जगातील १०० सर्वांत उपद्रवी आक्रमक जातींच्या यादीत आहेत. डोंगर आणि चराऊ रान लागूनच असलेल्या कळवणसारख्या तालुक्यात कुंपणाआत लावलेले झाड कुंपणाबाहेर काय करील, याचा विचार लावणाऱ्यानेच करायचा असतो.

सावधगिरी : पायवाट, ओटा व खेळायच्या जागेपासून कोरांटी किमान मीटरभर दूर लावावी आणि छाटताना जाड हातमोजे घालावेत. झाड देशी आहे म्हणून ते सर्वत्र निरुपद्रवी ठरत नाही. उत्तर ऑस्ट्रेलियात बागेतून सुटलेल्या याच कोरांटीने कुरणांत दाट काटेरी जाळ्या केल्या आणि तेथे तिला उपद्रवी तण म्हणून घोषित करावे लागले. परदेशी राहणाऱ्या नातेवाइकांना तिचे बी पाठवू नये. कळवणच्या मातीत ती घरचीच आहे. येथे तिला हवे ते पहिल्या दोन वर्षांचे पाणी आणि दरसालची कात्री.