चंचलगुड्याचा घोडेस्वार

जानेवारी २०२४. अपघातांविषयीच्या नव्या कायद्याविरुद्ध ट्रकचालकांचा संप, हैदराबादेत पेट्रोल पंपांवर रांगा. चंचलगुड्यात एक तरुण चक्क घोड्यावरून खाद्यपदार्थ पोचवताना दिसला. शहर हसले. पण घोडा इथे उपरा नव्हे. सहावे निजाम महबूब अली पाशा यांच्या काळात, १८८६ साली, मौला अलीच्या शर्यती जवळच्याच मलकपेटला आल्या. पुढे टांगे गेले, घोडा वरातीपुरता उरला. कायदा मात्र त्याला विसरलेला नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम १३२ पाहा: जनावर बिथरेल असे वाटून ते सांभाळणाऱ्याने सांगितले, तर वाहनचालकाने थांबलेच पाहिजे. सरकारी नोकर असून मी हे फार उशिरा वाचले. त्याआधी वरातीमागे अडकून मीही हॉर्न वाजवला आहे. घोड्याने कान मागे टाकले होते. वर नवरदेव, पुढ्यात छोटा भाचा.