फुकटच्या सीडीचा हिशेब

२००४ च्या ऑक्टोबरात ‘उबुंटू’ ही लिनक्सवर आधारित प्रणाली अवतरली. मागणी नोंदवली की तिची सीडी जगभर विनामूल्य घरपोच येई, टपालखर्चही कंपनीचाच. भारतातील विद्यार्थ्यांच्या हाती अशी पाकिटे पडली, तेव्हा साहजिकच प्रश्न पडे : याचे पैसे भरतो कोण?

दिसणारे उत्तर सोपे होते. मार्क शटलवर्थ या दक्षिण आफ्रिकी उद्योजकाने १९९९ मध्ये आपली ‘थॉट’ ही कंपनी ५७.५ कोटी डॉलरला विकली होती. उबुंटूमागे त्याचा खिसा होता. पण त्या सीडीत आणखी कुणाचे तरी पैसे होते.

थोडे मागे जाऊ. १९८५ च्या सुमारास रिचर्ड स्टॉलमन ‘ईमॅक्स’ची चुंबकीय फीत १५० डॉलरला पाठवत. कोड मुक्त, फीत विकतची. एमआयटीची नोकरी सोडलेल्या माणसाचा तेवढ्यावर निर्वाह होऊ शके. सर्व्हरचाही प्रश्न पुढे सुटला, कारण यंत्र बंद पडले की धंदा बुडतो आणि कंपन्या देखभालीचे पैसे मुकाट्याने मोजतात. घरचा वापरकर्ता कशासाठी मोजेल? रेड हॅटसारख्या यशस्वी कंपनीनेही २००३ मध्ये सामान्य ग्राहकांसाठीची आपली लिनक्स आवृत्ती बंद करून उद्योगांवर भिस्त ठेवली.

हे कोडे सोडवायला १९९९ मध्ये ‘ईझल’ ही कंपनी निघाली होती. मॅकिंटॉशच्या मूळ चमूतील अँडी हर्ट्झफेल्ड तिच्यात होते. लिनक्स सामान्य माणसाच्या हाताळणीत यावे, यासाठी त्यांनी ‘नॉटिलस’ हा फाइल-व्यवस्थापक घडवला. तो मुक्त ठेवायचा आणि त्याला जोडलेल्या इंटरनेट सेवांवर कमवायचे, असा बेत होता. गुंतवणूकदारांनी एक कोटी डॉलरहून अधिक रक्कम दिली. मार्च २००१ मध्ये नॉटिलसची पहिली पूर्ण आवृत्ती आली. तोवर डॉट-कॉमचा फुगा फुटला होता. मे महिन्यात ईझलला टाळे लागले.

एरवी बुडालेल्या कंपनीचा कोड तिच्याबरोबरच गाडला जातो. नॉटिलस जीपीएल परवान्याखाली होता, म्हणून ‘ग्नोम’ प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी तो पुढे चालवला. उबुंटूच्या पहिल्या सीडीत ग्नोम होते आणि ग्नोममध्ये नॉटिलस. ईझलच्या गुंतवणूकदारांचा एक छदामही परत न येता त्यांच्या पैशाचे फळ असे घरोघर पोहोचले. ‘फुकट’ हा शब्द मला म्हणूनच खटकतो.

शटलवर्थच्या खिशालाही तळ होताच. मोफत सीडी २०११ मध्ये थांबल्या. २०१३ मध्ये डेस्कटॉपचेही काम करील अशा फोनसाठी त्याच्या कंपनीने लोकांकडून ३.२ कोटी डॉलर मागितले, जेमतेम १.२८ कोटींची आश्वासने मिळाली आणि बेत बारगळला. २०१७ मध्ये त्याने ‘युनिटी’ हा स्वतःचा डेस्कटॉपही सोडला. कंपनीचे लक्ष क्लाउडकडे वळले आणि उबुंटू पुन्हा ग्नोमकडे आले. तिथे ‘फाइल्स’ या साध्या नावाने जो फाइल-व्यवस्थापक उघडतो, तो ईझलचाच नॉटिलस.