भाषाशिक्षकांची उन्हाळी शिदोरी

कडक उन्हामुळे विदर्भातील शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात. नागपूरच्या मराठी शिक्षकांना नव्या अध्यापन-कल्पना जमविण्यास हा अवधी उपयुक्त ठरतो. ‘बालभारती’ने १९७१ मध्ये सुरू केलेल्या ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य उपलब्ध आहेत. त्यांतील कथा नाट्यवाचनास, तर कोडी शब्दखेळांस घेता येतात.

दुसरा ठेवा घरचाच. सुटीत आजोळी कानी पडणारे वऱ्हाडी शब्द व म्हणी मुलांना वहीत टिपण्यास सांगावे. पुढे वर्गात ‘पोट्टा’ आणि ‘मुलगा’ अशा जोड्यांतून बोली व प्रमाणभाषा यांची तुलना करता येते. मराठीतील आद्य गद्यग्रंथांत गणले जाणारे ‘लीळाचरित्र’ विदर्भातील ऋद्धपूरचेच. आपली बोली अशुद्ध नव्हे, हे उमगलेले मूल वर्गात बोलताना बिचकत नाही.