बुळकांडी नव्हे, बुळकांडीसारखी

कळपातल्या दोनचार शेळ्या अचानक चारा खाईनाशा होतात. अंगात ताप, डोळ्यांना चिपडे, नाकातून आधी पातळ आणि मग घट्ट स्राव, तोंडात व्रण. पुढे हगवण लागते, श्वास जड होतो आणि आठवड्या-दीड आठवड्यात कित्येक जनावरे, विशेषतः करडे, दगावतात. गाईबैलांमध्ये अशी लक्षणे दिसली की जुनी माणसे एकच नाव घेत : बुळकांडी. मग शेळ्यांचा हा रोगही बुळकांडीच का?

१९४२ साली पश्चिम आफ्रिकेतील आयव्हरी कोस्टमध्ये गार्गादेनेक आणि लालान या संशोधकांना हाच प्रश्न पडला. शेळ्यामेंढ्या मरत होत्या, पण त्यांच्याच सहवासातली गुरे ठणठणीत होती. म्हणजे हा रोग निराळा असावा. आज आपण त्याला पीपीआर म्हणतो.

संशय आला, पण तो सिद्ध करणे सोपे नव्हते. गोवर, बुळकांडी आणि पीपीआर यांचे विषाणू एकाच गणातले, जवळचे नातलग. एका विषाणूविरुद्ध रक्तात तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्यालाही ओळखतात. त्यामुळे आगर जेलमध्ये केलेल्या जुन्या चाचणीत बुळकांडी आणि पीपीआर वेगळे काढता येत नसत. १९७९ साली गिब्ज आणि सहकाऱ्यांनी पीपीआरचा विषाणू स्वतंत्र असल्याचे दाखवले. भारतात तो १९८७ मध्ये तमिळनाडूतील अरसूर येथे मेंढ्यांत सापडला.

नाव बदलल्याने काय फरक पडतो? इथे फार मोठा फरक पडला. बुळकांडीची लस शेळ्यांना पीपीआरपासूनही वाचवत असे, म्हणून ती वापरली जाई. पण त्याच काळात बुळकांडीचे उच्चाटन चालू होते. देश रोगमुक्त झाला हे सिद्ध करायचे, तर लसीकरण थांबवून जनावरांच्या रक्तात बुळकांडीची प्रतिपिंडे शोधावी लागतात. शेळीच्या रक्तात ती मिळाली तर ती लसीमुळे आली की रोगामुळे, हे कसे ठरवणार?

म्हणून पीपीआरसाठी स्वतंत्र लस आणि स्वतंत्र चाचणी हवी होती. भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेच्या मुक्तेश्वर केंद्रात एकाच विषाणूला नेमके ओळखणारी प्रतिपिंडे वापरून एलायझा चाचण्या तयार झाल्या. हिमाचल प्रदेशातील शेळीपासून मिळालेला 'सुंगरी ९६' हा विषाणू पेशीसंवर्धनात वाढवून दुर्बल करण्यात आला आणि त्याची लस बनली. एका टोचणीचे संरक्षण निदान तीन वर्षे टिकते.

रोग झाल्यावर मात्र या विषाणूला मारणारे औषध नाही. आजारी जनावर वेगळे बांधणे, हगवणीने गेलेले पाणी व क्षार भरून काढणे, तोंड स्वच्छ ठेवणे आणि फुप्फुसात शिरणाऱ्या जिवाणूंसाठी पशुवैद्यांच्या सल्ल्याने प्रतिजैविके देणे, एवढेच हाती उरते. शेळी सावरली, तर पुन्हा तिला हा रोग सहसा होत नाही.

२०११ मध्ये जग बुळकांडीमुक्त झाल्याचे जाहीर झाले. पीपीआरसाठी २०३० हे लक्ष्य ठरवले आहे. या साऱ्याची सुरुवात झाली ती साध्या निरीक्षणातून : शेळी आजारी, पण शेजारची गाय नाही. वर्गात शेळ्या पाळणाऱ्या घरची मुले असतील, तर त्यांना विचारून पाहा, एवढ्यावरून ती काय काय अंदाज बांधतात.