अक्षर आणि यंत्र : पालघर-बोईसरकडील एका जुन्या वादाचा इतिहास

संगणकाविषयीचे वाद आम्ही गेली पंचवीस वर्षे ऐकत आहोत. आधी विद्यार्थी म्हणून डहाणू-विरार शटलच्या डब्यात ऐकले, आता अध्यापक म्हणून शिक्षकदालनात ऐकतो. कोणता प्रोसेसर चांगला, कंपनीचा संगणक घ्यावा की सुटे भाग जोडून घ्यावा, विंडोज की लिनक्स, हे प्रश्न त्या वादांत असतातच. वादी-प्रतिवादी इतक्या त्वेषाने बोलतात की द्वैत-अद्वैताची आठवण व्हावी. आम्ही मराठी शिकवणारी माणसे. हा सारा ग्राहकाच्या आवडीनिवडीचा मामला आहे, साहित्याशी त्याचा संबंध नाही, असे आम्ही बरीच वर्षे समजत होतो. तो समज एका प्लॅस्टिकच्या डबीने दूर केला.

त्या डबीत अकरा फ्लॉप्या होत्या. एम.ए.च्या वर्षांत आम्ही काही मित्रांनी जव्हार, विक्रमगड आणि डहाणूच्या पाड्यांवर जाऊन वारली लग्नगीते गोळा केली होती. वारली लग्न धवलेरी लावते आणि ते ती गाण्यांनी लावते. अशा काही वृद्ध धवलेरींकडून आम्ही गाणी ऐकून वहीत उतरवली, पालघरच्या बाजारातल्या एका डीटीपीवाल्याकडून टंकून घेतली, छापील प्रतीवर पेनाने दुरुस्त्या केल्या आणि प्रकल्प सादर केला. वह्या पुढे एका पावसाळ्यात भिजून गेल्या. छापील प्रतीला वाळवी लागली. ध्वनिफितींवर कोणीतरी नंतर दुसरेच काही मुद्रित केले. गाणाऱ्या बाया आता हयात नाहीत. उरल्या त्या फ्लॉप्या. फ्लॉपी वाचणारे यंत्र शोधून त्या लावल्या तेव्हा अकरापैकी चारच उघडल्या आणि त्या चारांतही गाणी दिसली नाहीत. दिसली ती रोमन अक्षरांची आणि विरामचिन्हांची खिचडी. दोष कोणा एकाचा नव्हता. म्हणूनच हे कसे घडले त्याचा इतिहास सांगणे आम्हांला आवश्यक वाटते.

या वादाचे पहिले पर्व यंत्राचे होते. बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत आणि अणुऊर्जा केंद्राच्या वसाहतीत संगणक घरात घेणारी कुटुंबे आमच्या गावांच्या मानाने लवकर दिसू लागली. ज्यांना कंपनीचा संगणक परवडत नसे ते ग्रँट रोडला उतरत आणि डॉ. भडकमकर मार्ग, म्हणजे सर्वांच्या तोंडचा लॅमिंग्टन रोड, गाठत. तेथून मदरबोर्ड, रॅम, हार्ड डिस्क सुटे घेऊन जोडलेला संगणक लोकलने विरारपर्यंत आणि पुढे शटलने घरी येई. काचेच्या नळीचा मॉनिटर मांडीवर घेऊन उभ्या गर्दीत केलेला प्रवास ज्याने केला आहे त्यालाच 'असेंबल्ड' या शब्दाचे वजन ठाऊक. (लोकल थेट डहाणूपर्यंत येऊ लागली ती २०१३ साली.) पुढे भारनियमनाचे दिवस आले. १९६९ साली वीज देऊ लागलेल्या तारापूरच्या शेजारी आम्ही अंधारात बसत होतो. दिव्याखाली अंधार ही म्हण वर्गात शिकवताना आम्हांला वेगळे उदाहरण द्यावे लागले नाही. त्यामुळे प्रोसेसरपेक्षा यूपीएस किती मिनिटे टिकतो हा वाद अधिक खरा होता. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेने जोडण्यांवर गंज चढे आणि रबराने घासून रॅम पुन्हा बसवणे ही घरगुती विद्या झाली होती.

या सर्व चर्चेत एक प्रश्न कोणी विचारत नव्हते. या यंत्रात मराठी अक्षर नेमके कोठे आणि कोणत्या रूपात राहते?

दुसरे पर्व कळफलकाचे. शासनाच्या टंकलेखन परीक्षेसाठी टंकयंत्रावर मिनिटाला तीस, चाळीस शब्दांचा सराव केलेली पिढी गावोगावी होती. यंत्रावरची ती परीक्षा थांबली २०१७ मध्ये. या पिढीच्या बोटांत टंकयंत्राचा कळफलक मुरलेला होता आणि डीटीपीची दुकाने त्याच बोटांवर चालत होती. टंकयंत्र डोळ्याने लिहिते. 'कि' लिहायचे तर ऱ्हस्व वेलांटी आधी, 'क' नंतर, कारण कागदावर वेलांटी डावीकडे दिसते. 'सूर्य' लिहायचा तर 'य' आधी आणि त्याच्या डोक्यावरचा रफार नंतर. उलट इन्स्क्रिप्ट हा कळफलक कानाने लिहितो. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने तो १९८६ साली प्रमाणित केला. त्याच्या डाव्या बाजूला स्वर, उजव्या बाजूला व्यंजने, 'क' आणि 'ख' एकाच कळीवर, 'ल'च्या कळीवर शिफ्टसह 'ळ', 'र'च्या कळीवर शिफ्टसह 'ऱ'. उच्चारात जे आधी येते ते आधी टंकायचे. पाणिनीच्या वर्णविचाराशी ज्याचा परिचय आहे त्याला ही मांडणी परकी वाटत नाही. तिसरा पक्ष रोमन लिपीतून मराठी टंकणाऱ्यांचा. तो सोपा होता म्हणून जिंकला. मराठी शब्द मनात आधी इंग्रजी स्पेलिंग होऊन येतो ही त्या सोयीची किंमत आहे, आणि ती आमच्या विद्यार्थ्यांच्या शुद्धलेखनात आम्ही रोज मोजतो, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पण कळफलकाहून खोल प्रश्न संकेतांचा होता. संगणकाला अक्षर कळत नाही, आकडा कळतो. 'क' म्हणजे कोणता आकडा हे सर्वांनी मिळून ठरवले तरच एका यंत्रावरचा 'क' दुसऱ्या यंत्रावर 'क' राहतो. आपल्याकडे हे ठरले नव्हते असे नाही. आयआयटी कानपूरमध्ये आकाराला आलेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेले 'जिस्ट' तंत्रज्ञान डॉसच्या काळात संगणकात एक कार्ड बसवून भारतीय लिपी दाखवत असे. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने 'इस्की' हा संकेत प्रमाण म्हणून स्वीकारला. त्याच वर्षी निघालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र विभाग मिळाला. त्याची रचना इस्कीच्या १९८८च्या रूपावरच बेतलेली होती. म्हणजे मराठी अक्षराला जागतिक पत्ता १९९१ सालीच मिळाला होता. आमची गाणी टंकली गेली त्याच्या दहा-बारा वर्षांनंतर, आणि तरीही ती त्या पत्त्यावर पोहोचली नाहीत.

याचे कारण बाजारात होते. छपाईसाठी पेजमेकर लागे आणि त्याला युनिकोडची देवनागरी उमगत नसे. म्हणून पॅकेजे निघाली. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकचे आयएसएम अशी त्यांची परंपरा आहे आणि मराठी मुद्रणावर त्यांचे ऋण मोठे आहे. त्यांच्या छपाईच्या फॉन्टांत अक्षरे साठवली जात नसत, अक्षरांचे तुकडे साठवले जात. इंग्रजी अक्षराच्या आकड्यावर अर्धा 'क', दुसऱ्या आकड्यावर काना, तिसऱ्यावर रफार अशी ती चित्रांची मांडणी होती. खिळेजुळणीचीच ही पुढची पायरी. निर्णयसागरच्या जुळाऱ्याच्या पेटीत जसे घर ठरलेले असे तसेच येथे. फरक इतकाच की प्रत्येक कंपनीची पेटी वेगळी. तो फॉन्ट यंत्रात असेपर्यंत मराठी दिसे, तो गेला की चित्रे जात आणि खाली दडलेली रोमन अक्षरे वर येत. अशा अनेक पॅकेजांना संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूपही असे. पुढे ते कुलूप लावायचा पोर्टच संगणकांतून गेला. सोळा बिटांच्या विंडोजसाठी लिहिलेली जुनी पॅकेजे चौसष्ट बिटांच्या विंडोजवर चालतच नाहीत. यंत्र बदलले, प्रणाली बदलली, कुलूप निरुपयोगी झाले आणि आमची धवलेरी रोमन लिपीत कोंडली गेली.

येथे डीटीपीवाल्याची बाजू सांगितली पाहिजे. त्याला आम्ही पुढे कधी तरी रागाने विचारले होते की तुम्ही युनिकोडमध्ये का टंकले नाही. तो शांतपणे म्हणाला, "सर, तुम्हांला छापील कागद पाहिजे होता. तो मी दिला." तो चुकत नव्हता. कागदाच्या पलीकडे मजकुराला आयुष्य असते हे आम्हांला, मराठीच्या विद्यार्थ्यांना, सुचायला हवे होते.

तिसरे पर्व प्रणालीचे, म्हणजे विंडोज की लिनक्स या वादाचे. विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा युनिकोड देवनागरी फॉन्ट आला. तो सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवला. लाखो मराठी माणसांनी पडद्यावर वाचलेले पहिले मराठी अक्षर एका मराठी कवीच्या हातचे होते, ही गोष्ट वाङ्मयाच्या इतिहासात नोंदवण्यासारखी आहे. २००१च्या विंडोज एक्सपीत मात्र मराठी नीट दिसण्यासाठी सेटिंगमध्ये जाऊन एक चौकोन टिचकावा लागे आणि मूळ सीडी घालावी लागे. तो चौकोन ठाऊक नसलेल्या हजारो यंत्रांवर मराठी मोडकी दिसत राहिली आणि 'संगणकावर मराठी चालत नाही' ही दंतकथा रूढ झाली. त्याच सुमारास महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी अभ्यासक्रम गावोगावी पोहोचला. त्याने संगणकाची भीती घालवली हे मान्य करून म्हणावे लागते की, त्याने संगणक म्हणजे विंडोज हे समीकरणही पक्के केले. केरळने आपल्या शाळांतून मुक्त प्रणालीची वाट धरली, आपण धरली नाही. आमच्याकडील लिनक्सवाले मित्र 'फुकट आहे' हाच मुद्दा मांडत. पण पदपथावरच्या सीडीमुळे विंडोजही बहुतेकांना फुकटच पडत होते, त्यामुळे तो मुद्दा कोणाला भिडला नाही. त्यांनी 'मुक्त आहे, म्हणून उद्याही उघडेल' असे म्हटले असते तर कदाचित आम्ही तरी ऐकले असते.

सर्वमान्य संकेत मिळाला म्हणजे सारे मिळाले असेही नाही. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आले ते २००८ साली. शासनाने वर्णमालेत 'ॲ' आणि 'ऑ' यांची नोंद केली ती २००९च्या निर्णयाने. तोवर 'ॲ' कोणी 'अ'वर चंद्र ठेवून, कोणी हिंदीतल्या 'ऍ'ने लिहीत असे. मराठीच्या गरजा मराठी माणसाने मागितल्याशिवाय कोणी पुरवत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

त्या चार फ्लॉप्यांचे पुढे काय झाले ते सांगतो. फॉन्टचा नकाशा मिळवून, कोणत्या आकड्याला कोणता तुकडा याचे कोष्टक करून आम्ही मजकूर युनिकोडमध्ये आणला. वेलांट्या एक घर सरकल्या होत्या, रफार भलत्याच अक्षरांवर बसले होते. ओळ मोठ्याने म्हणून दुरुस्त करावी लागे. डोळ्याने लिहिलेले कानाने तपासण्याचे ते काम होते. गाणी परत आली. एक शब्द मात्र आला नाही.

मराठीत 'र'ची दोन जोडरूपे आहेत. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' हे उदाहरण आम्ही दरवर्षी वर्गात देतो. टंकणाऱ्याला त्या पॅकेजात दुसरे रूप सहज सापडत नसावे, कारण त्याने सर्वत्र रफारच दिला होता. छापील प्रतीवर आम्ही पेनाने दुरुस्त्या केल्या होत्या. ती प्रत वाळवीने नेली. बहुतेक ठिकाणी संदर्भावरून शब्द कळला. पण एका गाण्यात नवरी 'दर्या' ओलांडून सासरी जाते. तो खरोखर दर्या आहे की दऱ्या? समुद्र की डोंगरांमधल्या दऱ्या? मुलगी किनाऱ्याकडे दिली होती की जव्हारच्या डोंगरांत? आमच्या जिल्ह्यात दोन्ही आहेत आणि गाण्यात दोन्ही शोभतात. गाणारीला विचारता येत नाही. आम्ही त्या ओळीखाली टीप दिली आहे, आणि ती टीप आमच्या अभ्यासातली सर्वांत अप्रिय टीप आहे.

आता शिक्षकदालनात नवा वाद चालू आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टचा विंडोज १० साठीचा नियमित आधार संपला आणि अनेक जुने संगणक विंडोज ११च्या अटींत बसत नाहीत. कोणी म्हणतो नवे घ्या, कोणी म्हणतो लिनक्स टाका. दोन्ही पक्षांना आमचे सांगणे एकच आहे. यंत्र आज ना उद्या जाणारच, ते कोणते घ्यावे हा खर्चाचा प्रश्न आहे. पण जाणाऱ्या यंत्रांतली एकेक हार्ड डिस्क उघडून पाहा. जुन्या फॉन्टांतले प्रबंध, बोलीभाषांचे संग्रह, गावच्या नियतकालिकांची पाने त्यांत पडलेली आहेत. वारली, वाडवळी, मांगेली, कातकरी यांचे जे काही लिखित रूप आपल्याकडे आहे त्यातले पुष्कळसे अशाच फायलींत असण्याचा संभव आहे. फॉन्ट अजून कोणाच्या तरी यंत्रात आहे, टंकणारे अजून पालघरच्या बाजारात भेटतात, आणि मुख्य म्हणजे काही गाणाऱ्या बाया अजून आहेत. पुढच्या सुटीत आम्ही उरलेल्या सात फ्लॉप्या घेऊन पुन्हा बसणार आहोत. त्याआधी चार फ्लॉप्यांतली गाणी कागदावर छापून विक्रमगडकडे जाणार आहोत. त्या ओळीपाशी थांबून तेथल्या एखाद्या धवलेरीला विचारायचे आहे, बाई, तुमच्याकडे येथे काय म्हणतात?