समइफची बेरीज कमी येतेय? पैसे वाटण्याआधी नोंदी अशा तपासा

देवणी : सोयाबीनची मापं सुरू झाली की शेतकरी गट, सोसायटी आणि आडत दुकानात पावत्यांचा ढीग लागतो. वलांडीचा माल वेगळा, बोरोळचा वेगळा, शिवाय प्रत्येक सभासदाचे एकूण क्विंटल वेगळे काढायचे असतात. हे काम एक्सेलमधला ‘समइफ’ हा फॉर्म्युला करतो. ज्या ओळीत ठरावीक नाव आहे, तेवढ्याच ओळींची बेरीज तो देतो. अडचण एवढीच, की नोंद चुकली तरी तो बहुतेक वेळा एरर दाखवत नाही. गुपचूप कमी आकडा देतो.

समजा, एका सभासदानं तीन खेपांत ४० क्विंटल माल घातला. त्यातली १२ क्विंटलची पावती नाव वेगळं टाइप झाल्यानं सुटली. शीटवर २८ क्विंटल दिसणार. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये धरला, तर त्याचे ६३,९३६ रुपये कमी निघतात. म्हणून यादी पुढं पाठवण्याआधी खालच्या गोष्टी पाहून घ्याव्यात.

नाव एकच, लिहिलंय दोन तऱ्हेनं

‘पाटील’ आणि ‘पाटिल’, ‘शिंदे’ आणि ‘शिन्दे’ हे आपल्याला एकच वाटतं, संगणकाला नाही. नावाच्या रकान्याला फिल्टर लावा, म्हणजे एकाच माणसाची दोन नावं लगेच समोर येतात. नावाच्या शेवटी पडलेली रिकामी जागा मात्र डोळ्याला दिसत नाही. ती शोधायला ‘लेन’ फॉर्म्युला वापरा. सारखी दिसणारी दोन नावं वेगवेगळी लांबी दाखवत असतील तर जागा पडली आहे, असं समजा. ‘ट्रिम’ फॉर्म्युल्यानं ती काढता येते.

आकडा दिसतो, पण आकडा नसतो

रकान्यात ‘१२ क्विं.’ असं लिहिलं की एक्सेल तो मजकूर धरतो आणि बेरजेतून सोडून देतो. परिमाण वरच्या मथळ्यात लिहा, रकान्यात फक्त आकडा ठेवा. मराठी कीबोर्डवरून टाकलेले आकडेही मजकूर ठरू शकतात, त्यामुळं वजन आणि रक्कम इंग्रजी आकड्यांत टाकणं बरं. ओळख सोपी आहे : आपण मांडणी बदललेली नसेल तर खरा आकडा घराच्या उजव्या कडेला बसतो, मजकूर डाव्या कडेला. इंग्रजी आकडे मजकूर होऊन बसले असतील तर रकाना निवडून ‘डेटा’मधल्या ‘टेक्स्ट टू कॉलम्स’नं ते बदलता येतात.

रकान्यांचा क्रम आणि लांबी

‘समइफ’मध्ये आधी नावाचा रकाना, मग हवं ते नाव आणि शेवटी क्विंटलचा रकाना येतो. दोन-तीन अटींसाठीच्या ‘समइफ्स’मध्ये उलट आहे, तिथं क्विंटलचा रकाना सगळ्यात आधी. इथंच बऱ्याच जणांची गफलत होते. नावं दुसऱ्या ओळीपासून आणि क्विंटल तिसऱ्या ओळीपासून निवडले, तर ‘समइफ’ एकाचं वजन दुसऱ्याच्या नावावर टाकतो आणि काही बोलत नाही. ‘समइफ्स’मध्ये रकाने लहान-मोठे असतील तर निदान एरर तरी येतो. फॉर्म्युला खाली ओढायचा असेल तर रकान्याच्या पत्त्याला डॉलरचं चिन्ह लावून तो पक्का करा, नाहीतर प्रत्येक ओळीला वरच्या नोंदी सुटत जातात.

अट लिहिताना

‘समइफ्स’ला सगळ्या अटी एकाच ओळीत पूर्ण झालेल्या लागतात. गाव वलांडी आणि गाव बोरोळ अशा दोन्ही अटी एकाच रकान्यावर लावल्या तर उत्तर शून्य येणार, कारण एक ओळ दोन गावांची नसते. दोन वेगळ्या बेरजा करून मिळवाव्यात. तारखेपुढची अट लावताना ‘>=’ हे चिन्ह अवतरणात ठेवून पुढं ‘&’ आणि तारखेच्या घराचा पत्ता द्यावा. खाते क्रमांकावर बेरीज लावू नये. १५ पेक्षा जास्त अंकी क्रमांकात एक्सेल पुढचे अंक धरत नाही, त्यामुळं दोन खाती एक होऊ शकतात.

शेवटचा ताळा

सगळ्या सभासदांच्या बेरजा मिळवा आणि क्विंटलच्या रकान्याच्या साध्या बेरजेशी ताडून पाहा. फरक आला तर नावात, अटीत किंवा रकान्यांच्या निवडीत चूक आहे. दोन्ही बेरजा जुळल्या तरी तेवढ्यावर थांबू नका, कारण मजकूर झालेला आकडा दोन्हीकडून सुटतो. त्यासाठी क्विंटलच्या रकान्यावर ‘काउंट’ लावून पावत्यांची संख्या मोजा. २०० पावत्या असून ‘काउंट’ १९७ सांगत असेल, तर तीन पावत्या बेरजेबाहेर आहेत.

पुढच्या हंगामात ही कटकट नको असेल तर प्रत्येक सभासदाला एक क्रमांक द्यावा आणि बेरीज त्या क्रमांकावर लावावी. गावांची नावं ‘डेटा व्हॅलिडेशन’मधून यादी करून निवडायला ठेवावीत, हातानं टाइप करू नयेत. आणि शेतकऱ्यानंही आपल्या पावत्या जपून ठेवाव्यात. शीट आणि पावती जुळत नसेल तर आधी शीट तपासायची असते.