अंगणात गवत नव्हतं

'लॉन'ला मराठीत हिरवळ म्हणतात. निदान बागांमधल्या पाट्यांवर तरी तसंच लिहिलेलं असतं, 'हिरवळीवर चालू नये'. पण हिरवळ हा शब्द मुळात लावलेल्या गवताचा नाहीच. पहिले दोन-चार पाऊस पडले की माळावर आपोआप जी हिरवी झाक येते, ती हिरवळ. ती कोणी लावत नाही, कोणी कापत नाही, आणि दिवाळीनंतर ती पिवळी पडली तर कोणाला त्याची लाज वाटत नाही. घरासमोर मुद्दाम गवत लावायचं, वाढलं की कापायचं, वाळलं की पाणी घालायचं, आणि एवढं करून त्यावर पाय ठेवायचा नाही, ही कल्पनाच आपल्याकडे नव्हती. मग शब्द कुठून असणार?

हे सगळं डोक्यात यायचं कारण म्हणजे आमची सोसायटी. समोरचं लॉन ठेवायचं की काढायचं, यावर वर्षभर मीटिंगा चालल्या होत्या. 'लॉन नको' म्हणणारे म्हणजे काहीतरी नवीन पर्यावरणवादी खूळ घेऊन आलेत, असा एक सूर होता. मला उलटंच वाटत होतं. म्हणून थोडं वाचलं, थोडं आईला आणि आत्याला विचारलं, आणि ते इथे लिहून ठेवतेय.

आमचं मूळ गाव राजापूर तालुक्यातलं. तिथलं अंगण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. पावसाळ्यात त्यात गवत उगवायचं, नाही असं नाही. पण पाऊस संपला की पहिलं काम म्हणजे ते उपटून काढणं. मग जमीन खणायची, पाणी मारायचं, माती सारखी करायची आणि लाकडी चोपण्याने ठोकून ठोकून तळहातासारखी सपाट करायची. वर शेणाचं सारवण. खाली सिंधुदुर्गात याच अंगणाला खळं म्हणतात. मग सुपारीच्या खांबांवर मांडव, वर नारळाच्या झावळ्या, आणि पुढचे सात-आठ महिने घराचा अर्धा संसार बाहेर! भात वाळवणं, काजूच्या बिया, आमसुलं, पापड, कुरडया, फणसपोळी, मुलांचे खेळ, रात्रीची अंथरुणं, आणि लग्न असेल तर तेही तिथेच. मधोमध तुळस. कार्तिकात तिचंही लग्न.

झाडं होती ती कडेला आणि मागे परसात. न्हाणीचं पाणी जिथे जाईल तिथे केळ, अळू, कर्दळ, एखादा माड. म्हणजे एकदा वापरलेलं पाणी झाडांना, कोरं पाणी माणसांना आणि गुरांना. हा हिशेब कोणी कागदावर मांडला नव्हता, पण तो चुकत नसे. गवताची जागा कुरणात, आणि ते कोणासाठी, तर गुरांसाठी.

गंमत म्हणजे लॉनमध्ये लावतात त्यातलं एक प्रमुख गवत आपल्या चांगलंच ओळखीचं आहे. नर्सरीत ते 'बर्म्युडा' नावाने मिळतं. शास्त्रीय नाव सायनोडॉन डॅक्टिलॉन. म्हणजे आपली हरळी! शेतकऱ्याची दुष्मन, खणून काढली तरी परत येणारी. आणि हीच भाद्रपदात दूर्वा म्हणून डोक्यावर चढते. तिन्ही ठिकाणी गवत एकच. विकत घेऊन, पाणी घालून वाढवायची मात्र एकाच ठिकाणी.

हे लॉन आलं इंग्लंडातून. तिथे बारा महिने भुरभुर पाऊस, ऊन कोवळं, आणि चरायला मेंढ्या. तिथे गवत हिरवं राखणं म्हणजे निसर्गाच्या बाजूने पोहणं. बड्या जमीनदारांच्या वाड्यांसमोर दूरवर पसरलेलं कापीव गवत म्हणजे, आमच्याकडे इतकी जमीन आहे की त्यात काही पिकवायची गरज नाही, अशी जाहिरातच. सामान्यांच्या आवाक्यात ते आलं १८३० नंतर. त्या वर्षी एडविन बडिंग नावाच्या माणसाने गवत कापायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. कापडगिरणीत लोकरी कापडाची लव कातरायचं यंत्र असायचं, त्यावरून त्याला ते सुचलं. म्हणजे लॉन गालिच्यासारखं दिसतं हा नुसता योगायोग नाही.

साहेब जिथे गेला तिथे बंगल्यापुढे लॉन घेऊन गेला. इथल्या उन्हात ते जगवायला माळी आणि भिश्ती लागले, पण ते स्वस्त होते. मुंबईत गवतावरून भांडणंही झाली. १८८० च्या दशकात एस्प्लनेड मैदानावर गोरे लोक घोड्यांवरून पोलो खेळत आणि त्या टापांनी उखडलेल्या जमिनीवर देशी पोरांनी क्रिकेट खेळायचं. बॉम्बे जिमखान्याचं स्वतःचं मैदान मात्र राखलेलं. पारशी आणि हिंदू क्रिकेटपटूंनी सरकारकडे अर्ज केले. शापूरजी सोराबजी यांनी १८९७ साली या लढ्यावर पुस्तकच लिहिलं. त्याच्याही आधीची, १८३८ ची गोष्ट सांगतात ती चर्नी रोडची : मैदानात गुरं चारायला सरकारने फी लावली, तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी पदरच्या पैशाने ठाकुरद्वारजवळ जमीन घेऊन ती गुरांना मोकळी केली, म्हणून 'चरणी'. (नावाची दुसरीही व्युत्पत्ती आहे, पण मला ही आवडते.)

आता गोरेगाव. आपल्या मागच्या डोंगरापलीकडे विहार तलाव. १८६० साली तो झाला आणि त्याचं पाणी थेट मुंबई बेटावर जाऊ लागलं. शेजारचा तुळशी तलाव १८७९ चा. मलबार हिलवरच्या पाण्याच्या टाकीवर माती टाकून हँगिंग गार्डन झालं ते त्यानंतर थोड्याच दिवसांत. शहराच्या पिण्याच्या पाण्यावर अक्षरशः बाग! आणि ज्या बाजूच्या डोंगरांवरून पाणी जात होतं, तिथली उपनगरं विहिरींवर.

गोरेगाव मुंबई महापालिकेत आलं १९५७ साली. नळ काही त्याबरोबर लगेच आले नाहीत. मृणालताई गोरे १९६१ मध्ये नगरसेविका झाल्या आणि पाण्यासाठी बायकांचे हंडा मोर्चे निघू लागले. 'पाणीवाली बाई' हे नाव त्यांना मिळालं ते इथेच. २०१२ साली त्या गेल्या तेव्हा आमची आई दिवसभर त्यांच्याबद्दलच बोलत होती. ती स्वतः चाळीच्या नळावर पहाटे साडेतीनला नंबर लावणाऱ्यांपैकी. चाळीपुढे अंगण होतं बरं का! मातीचं, एका कोपऱ्यात तुळस, मोरीच्या पाण्यावर अळू आणि पपई. लॉन लावू या असं तिथे कोणी म्हटलं असतं तर त्याला बायकांनी हंडा फेकून मारला असता.

आणि गवत पाहिजे तेवढं होतंच की पलीकडे. १९४९ साली आरे कॉलनी सुरू झाली, दारा खुरोडी यांच्या पुढाकाराने. शहरातल्या गल्लीबोळांतले तबेले उचलून हजारो म्हशी इथे आणल्या. त्यांच्यासाठी पॅरा गवताची हिरवीगार शेतं होती, तबेल्यांतल्या धुण्याच्या पाण्यावर पोसलेली. परत तोच परसातला हिशेब, फक्त सरकारी मापाने. याच आरेत वारली पाडे त्याहून कितीतरी जुने. त्यांच्या कुडाच्या घरांपुढे सारवलेली जमीन असायची, गवत नाही.

अंगणाचं गुणगान फार करायला मला आवडत नाही, तेही सांगते. दर आठ दिवसांनी सारवायचं कोणी? बाईनेच. आत्याच्या शब्दांत, 'तुला अंगण दिसतं, मला माझे गुडघे दिसतात.' शिवाय काही माणसांना अंगणाच्या पुढे येऊ द्यायचं नाही, ही रेषाही त्याच सारवलेल्या मातीवर होती.

आमची चाळ गेली, टॉवर आला. बिल्डरच्या ब्रोशरमध्ये लॉन होतं, त्याप्रमाणे ते मिळालंही. नर्सरीवाले ज्याला 'मेक्सिकन' म्हणतात ते बारीक, दाट गवत. ते खरं तर झॉयसिया, पूर्व आशियाकडचं. मेक्सिकोचा काय संबंध, देव जाणे. दोन टॉवरच्या सावलीत अर्धं कुजायचं, उरलेलं मे महिन्यात करपायचं. पाणीकपात लागली की टँकर. लॉनसाठी टँकर, गोरेगावात! आणि वर ती पाटी : 'हिरवळीवर चालू नये'. मुलं बिचारी गाड्यांच्या मधल्या जागेत खेळायची.

कॅलिफोर्नियातल्या भाच्याने मीटिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर (तो सभासद नाही, पण ग्रुपवर आहे) तिकडचं कळवलं. २०१५ च्या दुष्काळात तिथल्या गव्हर्नरने पाच कोटी चौरस फूट लॉन काढून टाकायचं ठरवलं होतं. शेजारच्या नेवाडाने २०२१ साली कायदाच केला, की लास व्हेगसच्या भागात नुसत्या शोभेच्या गवताला कोलोरॅडो नदीचं पाणी २०२७ पासून द्यायचं नाही. मतं फिरली ती बहुधा यानेच. आत्याने सांगून नाही, अमेरिकेने सांगून! असो.

खरी लढाई पुढेच होती. 'लॉन नको ना, मग पेव्हर ब्लॉक टाका.' हे त्याहून वाईट. जमीन तापते, आणि पावसाचं पाणी मुरायचं सोडून गटाराकडे धावतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तो आठवत असणाऱ्यांनी तरी असं म्हणू नये. शेवटी मधला तुकडा मुरूम आणि माती ठोकून मोकळा सोडला, खेळायला आणि वाळवणाला. वाटेवर शहाबादी फरशी, सांधे न भरता. टाकी भरून वाहते तिथे अळू, कर्दळ आणि सोनटक्का. भिंतीकडे अनंत, पारिजातक, कढीपत्ता, गवती चहा. तुळस अर्थातच. चोवीस विरुद्ध अकरा मतांनी हे मंजूर झालं. पहिल्या पावसात मधल्या तुकड्यात चिखल झाला आणि अकरा जणांनी तो चोवीस जणांना दाखवला. दिवाळीआधी परत ठोकून घ्यायचा आहे. ठोकणारा माणूस आणि चोपणं, दोन्ही गावाहून आणावं लागेल असं दिसतंय.

गवत कापायचं यंत्र मीटर रूममध्ये पडून आहे, चालू स्थितीत. कोणाला हवं असल्यास कळवा.